आम्ही गेल्यावर शेळीला पाणी

शिमोननानांनी आपल्या घराची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली, तेव्हा मला वाटलं, नवरा-बायको कुठे गावाला निघाले.

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"परत कशाले?" नानांनी आभाळाकडे बोट केलं. "कर्णा वाजना की आम्ही गऊत, मास्तर. प्रभू येई, आपला लोकं वर लई जाई. तुम्ही शेळीले पाणी दाखाडा. पाटीलनी पँट शिवेल शे, ती दी टाका."

मी मागे राहणार हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. मला राग आला नाही. त्यात हिणवणं नव्हतं, सोय होती. शेळीसाठी कुणीतरी भरवशाचा माणूस खाली लागणारच होता.

ऐंशीच्या दशकात मी पिंपळनेरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि नानांच्या भिंतीला भिंत लागून राहिलो. नाना टेलर. पुढे दुकान, मागे घर, घरात रूथअक्का आणि अंगणात ती शेळी. मशीनच्या एका अंगाला गिऱ्हाइकाचं कापड असे आणि दुसऱ्या अंगाला बायबल. दोन्हींवर नानांचा एकच नियम. आधी नीट कापायचं, मग शिवायचं.

जगाचा इतिहास त्यांनी सात युगांत कापून ठेवला होता. प्रत्येक युगात देवाची माणसाशी वागायची रीत वेगळी. माणूस दर युगात नापास व्हायचा आणि देव दर वेळी पुढचा वर्ग उघडायचा. आपण सहाव्यात, म्हणजे कृपेच्या युगात बसलेलो. सातव्यात प्रभूचं राज्य. त्यामुळे बायबलातलं कुठलंही वाक्य कानावर पडलं की नाना कात्री थांबवून विचारायचे, "हाई कोनले सांगेल शे? अन् कोणता युगमा?"

एकदा त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुणाने महापुरातल्या नोहाची गोष्ट वाचली आणि देव आपल्यालाही काहीतरी मोठं बांधायला सांगतोय असं त्याने घेतलं. नाना म्हणाले, "तारू बांधानं नोहाले सांगेल शे. तुले नही. पांझरामा गुडघाभर पाणी नही, तारू काय टेकाडवर नेशी?" त्या पोराने पुढे किराणा दुकान टाकलं आणि ते छान चाललं.

दुसऱ्या एकाने त्यांना खिंडीत गाठलं. जुन्या नियमशास्त्रात दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालायला मनाई आहे, मग नाना टेरीकॉट कसं शिवतात? नानांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तो पाचवा युग. टेरीकॉट कृपाना युगमा उनं." लग्नसराईचा सगळा धंदा एका वाक्यात वाचला.

मीही कधी छेडायचो. "नाना, देवाला सांगून हा क्रम जरा मागेपुढे करता येणार नाही का?" ते दचकायचे. "देवनी शिवेल कपडाले अल्टर नही, मास्तर!"

हे सगळं त्यांनी मांजरपाटाच्या एका भल्या लांब पटावर शिवलं होतं. उरलेल्या तुकड्यांची सात युगं. नियमशास्त्राचं युग पोलिसाच्या पँटीतून उरलेल्या खाकीचं, राज्याचं युग कुणाच्या तरी ब्लाउजच्या जरीचं. नानांच्या आयुष्यात एकच हौस होती. उन्हाळ्यात मंडळीचा मेळावा भरायचा, तिथे हा पट टांगून एक सकाळ शिकवायचं. दर वर्षी ते पट धुऊन इस्त्री करायचे. दर वर्षी चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, "नाना, लोकं घाबरतील. पुढच्या वर्षी बघू." पट पुन्हा दुकानाच्या भिंतीवर जायचा आणि नाना दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

मला किल्ली दिली त्या वर्षीही मेळाव्याच्या आदल्या दिवशी नाना असेच गप्प होते. सकाळीच बटणं आणायला साक्रीला गेले. दुपारी एसटीतून उतरतात तर कुठल्याशा वरातीतल्या बँडवाल्याने कर्णा फुंकला. नाना घरी आले. दार सताड उघडं, शेगडीवर चहाचं आधण आटलेलं, उंबऱ्याशी अक्कांच्या चपला. अक्का नाहीत. पाळकसाहेबांच्या घराला कुलूप. मंडळीतल्या एकूण एक घराला कुलूप.

मी नुकताच शाळेतून येऊन ओट्यावर टेकलो होतो. नाना समोर उभे राहिले.

"तुम्ही शेतस," ते म्हणाले. "तुम्ही तर राहणारच व्हतात. पण मी बी राही गऊ, मास्तर."

"काय झालं?"

"बठ्ठा गयात, पुरी मंडळी गई. पट बी गया. पट लई गयात अन् माले सोडी दिन्हं!"

मला आधी हसूच आलं. पण नाना ओट्यावर बसले तेव्हा माझं हसू जिरलं. आता हा माणूस रडणार असं वाटलं. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि एकदम मांडीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "पण ती गई ना! पहिला झटकामा गई! तिना गुडघा किती दुखत, मास्तर. आते काय दुखी?" डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि चेहरा लेक बोर्डात आल्यासारखा फुललेला. स्वतःचं काय होणार हे ते विसरूनच गेले होते.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सगळी मंडळी, मधोमध नव्या सँडल घातलेल्या अक्का. "ओ, कोठे व्हतात तुम्ही? चला, पट टांगेल शे! उद्या सकाळ तुमनीच शे!" अक्का आठवडाभर पाळकसाहेबांच्या मागे लागल्या होत्या. सकाळी होकार मिळाला, तशी सगळी पट घेऊन मेळाव्याच्या मांडवाकडे धावली होती.

नानांनी अक्कांच्या पायांकडे पाहिलं. मग ओरडले, "चपला का ठेयी गई व?" आणि पुन्हा रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. मांडव गच्च भरलेला. दुखऱ्या पायांनी डोंगरातून उतरून आलेली म्हातारी माणसंही पुढे सरकून बसली होती. नाना गज हातात घेऊन एकेका युगावर टेकवत गेले. कोणी डुलकी घेतली नाही. सहाव्याच्या शेवटाशी, जिथे कर्णा वाजतो तिथे, आले आणि मांडवात खसखस पिकली, कारण कालची गोष्ट अक्कांनी सर्वांना सांगून टाकली होती. नाना स्वतःच सगळ्यांत जास्त हसले, आणि मग गज जरीच्या राज्यावर असा आपटला की अख्खा मांडव "हालेलुया" म्हणत उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, पट दर वर्षी लागणार. नाना राजासारखे ट्रॉलीतून घरी आले.

संध्याकाळी मी म्हटलं, "नाना, किल्ली परत देऊ?"

"राहू द्या. आम्ही दोन्ही गऊत, तर शेळी तुमनी."

"आणि अक्का एकट्याच गेल्या तर?"

"मंग मी शेच ना शेळीले पाहाले."

"आणि तुम्ही एकटेच गेलात तर?"

नानांनी घराकडे पाहिलं. आत अक्का गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. ते माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तसं नही व्हवाव. आधी ती, मंग मी. प्रभूले एवढं एकच अल्टर सांगी ठेयेल शे."