नानांची बोट

दर रविवारी सकाळी हवालदारनाना आमच्या झोपाळ्यावर बसून समुद्रप्रवास करत. शेजारी ओकारीसाठी घमेलं. "मास्तर, झोका वाढवा. वादळ हाय," असा हुकूम सुटला की मी झोपाळा ढकलायचो. घटकाभरात नानांचं तोंड पांढरंफटक पडे. "माझ्या आज्यानं हे असं दीड म्हयना सोसलं," ते डोळे मिटून म्हणत.

रहिमतपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. नाना फौजेतून निवृत्त, एकटा जीव. पण पाण्याला इतके भीत, की साताऱ्याला जाताना कृष्णेचा पूल आला की एसटीत माझं मनगट गच्च धरत. त्यांचे आजोबा मोरस बेटावर, म्हणजे मॉरिशसला, उसाच्या कामाला गेले ते गेलेच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. त्या रागाने नाना साखरेला शिवत नसत. चहा गुळाचा, मग दूध फाटलं तरी बेहत्तर.

गावात पहिला एसटीडी बूथ निघाला त्या वर्षी त्यांनी माझ्याकडून त्या बेटावरच्या दप्तरखान्याला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. मग रोज पोस्टमनला छळलं. आणि पाकीट आलं तेव्हा? आठ दिवस देव्हाऱ्यात ठेवून दिलं!

"नाना, पाकिटात काय समुद्र भरलाय?" मी चेष्टा केली.

ते हसले नाहीत. "सीमेवर गोळीला भ्यालो न्हाई, मास्तर. ह्या कागदाला लय भ्यातो. आजी मेली तवा मी धा वर्सांचा. नवरा जित्ता हाय म्हणून तिच्या कपाळाला कुंकू मीच लावलं. नवऱ्याआदी गेलेली म्हणून दर पितरपाटात नवमीला तिच्या नावानं सवाशीण जेवू घालतोय. पर आजा तिच्या आदीच मेला असंल तर? खोटं कुंकू लावून पाठवली का मी तिला?"

शेवटी त्यांनी ते देव्हाऱ्यातून आणून दिलं आणि मी पाकीट फोडलं. नाव, गाव, उंची, गालावरचा वण. नाना मान डोलवत होते. शेवटच्या ओळीशी मी अडखळलो.

"वाचा," नानांनी झोपाळ्याची कडी धरली.

बंदर सोडल्यावर नवव्या दिवशी बोटीवरच मृत्यू. प्रेत समुद्रात सोडलं.

नाना उठून घरी गेले. पुढच्या रविवारी झोपाळा रिकामाच राहिला, आणि मला तो बघवेना. दर वर्षी सवाष्ण म्हणून माझ्या बायकोला बोलवत, पण यंदा काही नवमीचं आमंत्रण येत नाही, असं आम्ही धरूनच चाललो.

पण अष्टमीला नाना दारात. "वहिनी, उद्या जेवायला या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, पण तो कागद..."

"आजी मरस्तोवर वाट बघत हुती, मास्तर. तिला कुटं कुणी कागद वाचून दावला?" उंबऱ्यावर ते थांबले. "उद्या आज्याचंबी पान वाढतोय. त्येला मऊ भात करायचा हाय. नऊ दिवस पोटात कायबी ठरलं नसंल त्येच्या."