पावडर न पिण्याचा निश्चय

ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी कॅन्सरबरोबर माझं पाऊण पोट काढून घेतलं, ताठा तेवढा शाबूत ठेवला. त्याच्याच जोरावर मी घरी आल्या आल्या जाहीर केलं, "ती प्रोटीनची पावडर मी पिणार नाही!"

(नुकत्याच रंगवलेल्या खोलीत आ वासून बसावं, तशी तिची चव!)

आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, "दर दोन तासांनी थोडं थोडं खा. पंधरा दिवसांत वजन एकोणपन्नासावरून पन्नासावर आलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी? वीस वर्षं ऑफिसात वर ठेवलेल्या या नाकात (साहेब रजेवर असले की जास्तच वर)? मी बायकोला म्हटलं, "नुसतं जेवून वजन वाढवतो की नाही बघ!"

"बरं," ती म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती इतक्या लवकर 'बरं' म्हणाली नव्हती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चार घास गेले की पोट गच्च. चौदाव्या दिवशी धीर सुटला. खरं सांगतो, त्या नळीची मला भयंकर भीती वाटत होती. भेटायला येणाऱ्या सहकाऱ्याकडून मी दोन दणकट पंचिंग मशिन, मोठा स्टेपलर आणि तीन पेपरवेट मागवले.

"आजारपणात कशाला?" त्याने विचारलं.

"घरबसल्या फायली लावीन म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस कोटाच्या खिशांत कोंबून मी आहारतज्ज्ञ बाईंच्या काट्यावर चढलो.

"साडेचोपन्न!" बाई दचकल्या. "पंधरा दिवसांत साडेपाच किलो? पोटात पाणी साठलं असेल. आजच दाखल व्हा."

बायको मटकन खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आलेले पाहिले आणि मला माझीच लाज वाटली. मी मुकाट्याने एकेक वस्तू टेबलावर मांडली.

"परत चढा," बाई म्हणाल्या. "साडेपन्नास!"

नळी टळली! मी छाती काढून गरजलो, "पावडरीशिवाय!"

बायकोने डोळे पुसले आणि बाईंना दाखवायला आणलेला रिकामा डबा पिशवीतून काढला. "हा तिसरा. सूपमध्ये, दुधात, कुस्करलेल्या बटाट्यात."

"मग मला चव कशी कळली नाही?"

"कळली की! परवा सूप पिऊन म्हणालात, 'याला म्हणतात घरचं अन्न!'"

बाई फायलीत काहीतरी लिहीत होत्या. मी वाकून वाचलं: 'प्रगती समाधानकारक. पुढच्या वेळी रुग्णाने खिसे नसलेले कपडे घालून यावे.'