कुमुदिनीने केलेली अदलाबदल

संघ कसा बांधायचा हे कुमुदिनी बोडकेला कुणी शिकवायची गरज नव्हती. सांगलीत कॉलेजकडून तीन वर्षं बास्केटबॉल खेळलेली बाई ती, आणि ही माहिती जपानमधल्या इचिकावातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत मिळत असे. नवरा शिरीष तिथल्या एका संस्थेत भूकंपात जमीन पातळ कशी होते याचा अभ्यास करायचा. मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला कामाला तोटा नव्हता आणि घरी यायला वेळ नव्हता. कुमुदिनीने आपला सगळा जोर त्सुबामे संघावर लावला होता.

शहरातल्या आयांची एक लीग होती. संघ सहा, आणि त्यात त्सुबामे सहावा. कुमुदिनी त्रेचाळिसाव्या वर्षी त्याची कप्तान झाली होती आणि तेव्हापासून संघ ओळीने आठ सामने हरला होता. आता प्रश्न नुसत्या अब्रूचा राहिला नव्हता. शेवटच्या संघाला पुढच्या वर्षी जिमची रविवार सकाळ मिळायची नाही, मंगळवार दुपार मिळायची. मंगळवारी दुपारी निम्म्या बायका कामावर असत. म्हणजे संघ मोडलाच म्हणून समजा.

अशा वेळी लीगमधल्याच ‘नामी’ नावाच्या संघाच्या कप्तानीणबाईंनी निरोप पाठवला. त्यांच्याकडच्या सगळ्या पन्नाशीपुढच्या, धावायला कुणी नाही. त्सुबामेने दोन तरुण मुली दिल्या तर त्या हिराओकासानना सोडायला तयार होत्या.

हिराओकासान हे नाव ऐकून कुमुदिनी उठून उभीच राहिली. वय एकोणसाठ, उंची जवळजवळ सहा फूट, ऐन उमेदीत एका मोठ्या कंपनीच्या संघातून देशभर खेळलेल्या. आता गुडघ्याला पट्टा बांधून त्या मैदानावर नुसत्या चालायच्या. पण चेंडू त्यांच्या हातून सुटला की रिंगला शिवायचासुद्धा नाही. जाळीतून सप्प असा आवाज यायचा आणि बाई मागे वळून चालू लागलेल्या असायच्या. कुमुदिनीने त्यांच्याविरुद्ध चार सामने खेळले होते आणि चारही वेळा बचाव करायचं सोडून ती बघतच राहिली होती.

द्यायच्या मुलीही तिने लगेच ठरवल्या. एक पूर्वी, सत्तावीस वर्षांची, नवऱ्याबरोबर नागपूरहून आलेली. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, ती गल्ल्यावर काम करायची. हरणासारखी पळायची, पण चेंडू कुठे देईल याचा नेम नसे. दुसरी नोझोमी, डावखुरी, दीड वर्षाच्या बाळाची आई. तिच्या हातात कला होती, पण चूक झाली की प्रतिस्पर्ध्यांचीही माफी मागायची. दोघी चांगल्या होणार होत्या, पण तीन-चार वर्षांनी. कुमुदिनीला रविवार याच वर्षी वाचवायचा होता.

जेवताना तिने शिरीषला विचारलं. त्याचं म्हणणं पडलं की दोन रोपं देऊन एक झाड घेणं ठीक आहे, पण झाड पुढच्या वर्षी साठीचं होईल. आणि त्या मुलींना विचारलंस का? कुमुदिनी म्हणाली, कप्तानाने सगळ्यांना विचारत बसलं तर झालंच मग. खरं म्हणजे विचारायचं धाडस तिला नव्हतं. पूर्वी तिला ताई म्हणायची. संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची.

म्हणून तिने अदलाबदलीचा अर्ज परस्पर भरला. आता जपानी अर्जांचा नऊ वर्षांचा अनुभव तिच्या गाठीशी होता. सगळ्यात वर आपलं नाव आणि सहीऐवजी आपल्या नावाचा लाल शिक्का, मग खाली काय ते काम. चित्रलिपी तिला निम्मीशिम्मी यायची, पण अर्जाचा चेहरा ओळखीचा वाटला. वरच्या चौकटीत तिने स्वतःचं नाव लिहिलं, ठसठशीत शिक्का मारला. खाली दोन ओळी होत्या. बरोबर दोनच! तिथे पूर्वी आणि नोझोमी यांची नावं घातली आणि पाकीट लीगच्या आराईसानकडे टाकून आली.

आठवड्याने जिमच्या फलकावर कागद लागला. कुमुदिनी पोचली तेव्हा सगळा संघ त्याच्यासमोर उभा होता. तिला पाहताच बायका बाजूला झाल्या आणि एकेक करून तिच्यापुढे वाकल्या. एकीने डोळ्यांना रुमाल लावला होता. कुमुदिनीने हळूच कागद वाचला. हिराओकासानच्या बदल्यात नामीकडे जाणाऱ्या खेळाडूचं नाव होतं, आणि ते तिचं होतं.

वरची चौकट संघ सोडून जाणाऱ्या खेळाडूची होती. खालच्या दोन ओळी साक्षीदारांच्या.

तिने आराईसानना फोन लावला आणि तुटक्या जपानीत सांगायला सुरुवात केली. पण आराईसान तिला बोलूच देईनात. सव्वीस वर्षं ते लीगचं काम पाहत होते, म्हणाले, संघासाठी स्वतःला देऊन टाकणारी कप्तान त्यांनी आजवर पाहिली नव्हती. नामीच्या बाईंनी दोन मुली मागितल्या होत्या, पण कप्तान स्वतः येतेय हे कळल्यावर एकीवरच समाधान मानलं होतं. शिवाय त्यांच्याकडे पंचेचाळिशीच्या आतल्या खेळाडूला तरुणच धरत. अदलाबदल वर्षातून एकदाच होते आणि शिक्के पडले होते. पलीकडून फोनवरच ते वाकले असावेत, कारण आवाज मध्येच लांब गेला.

निरोपाच्या दिवशी संघाने तिला एक पुठ्ठा दिला. मध्ये तिचं नाव आणि भोवती सगळ्यांनी आपापल्या अक्षरात लिहिलेलं. नोझोमीने लिहिलं होतं, तुमच्यासारखं धैर्य मला यावं. आता खरं सांगायचं म्हणजे या पोरींच्या तोंडावर सांगायचं, की तुम्हाला द्यायला निघाले होते. तिने वाकून आभार मानले. सगळ्या रडल्या. पूर्वी तेवढी जमिनीकडे बघत होती.

नामी संघात तिचं तरुण खेळाडू म्हणून टाळ्या वाजवून स्वागत झालं आणि मग तरुण खेळाडूची कामं तिच्या अंगावर पडली. चेंडूंची पोती उचलायची, फरशी पुसायची आणि सामन्यात सगळ्यांच्या वाटचं धावायचं. पहिल्या आठवड्यात ती जिना बसत बसत उतरली.

मोसमातला शेवटचा सामना आला तो नामी विरुद्ध त्सुबामे. त्सुबामे हरला तर रविवार गेला. कुमुदिनी नामीच्या निळ्या जर्सीत उभी राहिली आणि समोर पाहते तर आपला संघ तिला ओळखू येईना. हिराओकासान मध्यभागी दीपस्तंभासारख्या उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसता हात पुढे करायच्या, आणि तो हात जिथे असेल तिथे पूर्वीचा चेंडू येऊन पडायचा. नेम नसलेली पूर्वी! आता ती न बघता पास देत होती. नोझोमी डाव्या बाजूने घुसली, कुमुदिनीला चकवून बास्केट केली आणि माफी न मागता परत पळाली. इतके दिवस या मुलींना पास द्यायला समोर योग्य हातच नव्हता, हे कुमुदिनीला तेव्हा दिसलं. कप्तान म्हणून समोर तीच उभी असायची.

शेवटच्या क्वार्टरची काही सेकंदं उरली होती आणि त्सुबामे एका गुणाने मागे होता. कुमुदिनीच्या धक्क्याने हिराओकासानना दोन फ्री थ्रो मिळाले. त्या रेषेवर आल्या आणि बाकावरच्या पिशव्यांतले सगळे फोन भूकंपाचा इशारा देत एकदम कोकलले. फरशी हलली. सगळ्या मैदानाच्या मध्यावर येऊन खाली बसल्या, छताचे दिवे झुलायला लागले, बोर्ड करकरला. कुमुदिनीने डोळे मिटून कुणाचा तरी हात घट्ट धरला. हादरा अर्ध्या मिनिटात थांबला. पंचांनी दारं-खिडक्या बघितल्या, छत बघितलं, दहा मिनिटं थांबले आणि खेळ सुरू करा म्हणाले.

हिराओकासान पुन्हा रेषेवर आल्या. दिवे अजून बारीकसे झुलत होते, त्यामुळे रिंगची सावली इकडून तिकडे सरकत होती. बाईंनी चेंडू एकदा आपटला, गुडघ्यावरचा पट्टा वर ओढला आणि हात उचलला. सप्प. परत चेंडू घेतला. सप्प. एकटी कुमुदिनी टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या कप्तानीणबाई तिच्याकडे बघत होत्या.

त्सुबामे जिंकला. रविवार वाचला.

बाहेर सायकली लावल्या होत्या तिथे कुमुदिनीने पूर्वीला गाठलं. हिराओकासानसारख्या खेळाडूसमोर खेळून आल्यावर खोटं मनात ठेवणं तिला जमेना.

“पूर्वी, मला तुला काही सांगायचंय. तो अर्ज भरताना माझी चूक झाली. मला तुम्हा दोघींना द्यायचं होतं.”

“माहितीय, ताई,” पूर्वी सायकलचं कुलूप काढत म्हणाली. “साक्षीदारांचेही शिक्के लागतात. आराईसाननी आम्हाला बोलावून घेतलं होतं. दोन मागितल्या असताना अर्जात एकच कशी, काही चूक तर नाही ना, असं विचारत होते.”

कुमुदिनीने विचारलं, “मग तू काय सांगितलंस?”

“मी नोझोमीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं.” पूर्वीने सायकल वळवली. “हिराओकासान मिळत होत्या ना, ताई. आम्ही सांगितलं, बरोबर आहे, आणि शिक्के मारले.”

मग तिने वाकून नमस्कार केला, अगदी जपानी पद्धतीने, आणि निघून गेली. कुमुदिनी वळणापर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिली. तेवढ्यात जिमच्या दारातून हाक आली. फरशी अजून पुसायची होती.