चेंबरचा नट

आमच्या केडगावच्या गल्लीत गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले तर कुणी घाबरत नाही. ते भानुदासकाकांचे असतात, आणि काका गाडीचं ऑइल बदलत असतात. एकदा एक नवीन कुरिअरवाला मात्र "अहो, माणूस गाडीखाली गेला!" म्हणून बोंबलत सुटला होता. गाडीखालून आवाज आला, "गेलो न्हाई, घुसलोय! पार्सल ओट्यावर ठेव."

काका आमचे सख्खे शेजारी. मूळचे खर्ड्याचे. तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्त केले, आणि रिटायर झाल्यावर इथं घर बांधलं. त्यांची एक जुनी पांढरी गाडी आहे. वर्षातून दोनदा ती खर्ड्याला जाऊन येते, एरवी पोर्चमध्ये उभी. पण दर सहा महिन्यांनी तिचं ऑइल बदललं जाणार म्हणजे जाणार, आणि तेही घरीच.

"काका, गाडी चालतच नाही, तर ऑइल कशाला बदलायचं?" मी एकदा विचारलं. मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणतात.

"बाई, तुमी खुर्चीत बसून ऱ्हायला म्हनून वय थांबतं व्हय?"

झालं. मी आपली घरात वह्या तपासायला गेले.

"आधी तेल बघा!" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. सासूबाईंचे गुडघे धरले, आधी तेल बघा. आमचे हे सकाळी सकाळी चिडचिड करायला लागले, आधी तेल बघा. माझ्या नणंदेला स्थळ आलं तेव्हा मुलाशी अर्धा तास बोलून काका म्हणाले, "पोरगं गुनी हाय. पर गाडीचं तेल कदी बदललं इचारलं, तर म्हनतंय शोरूमवाले बघतात! आता तुमीच काय ते ठरवा." लग्न झालं बरं का. पण जावईबापू आजही काका समोर आले की आधी बॉनेट उघडतात आणि मग नमस्कार करतात.

ऑइलचा रविवार म्हणजे सोहळाच. पुढची चाकं दोन लाकडी ओंडक्यांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, इंजिन जरा तापवून बंद करायचं. मग काका आडवे होऊन खाली जायचे. इंजिनाच्या पोटाशी तेलाचा चेंबर असतो. त्याचा नट काढला की काळं तेल धार लावून घमेल्यात पडतं. काका ते बोटावर घेऊन चोळणार, हुंगणार, "हं" म्हणणार. हे काळं तेल गटारात ओतलेलं त्यांना खपत नाही. वाळवी लागू नये म्हणून ते सगळ्या गल्लीच्या चौकटींना फासतात. आमच्याकडे वाळवी औषधालासुद्धा सापडायची नाही, पण पांढरा सदरा घालून दाराला टेकायचीही सोय उरलेली नाही.

तेल निथळून झालं की त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुमनकाकूंचा आवाज यायचा. "नट लावला का?"

"तीस वर्षं वर्कशॉपात काढली! मला शिकवती व्हय?"

"लावला का न्हाई, तेवढं सांगा."

मग पाना फिरल्याची करकर. मग, "लावला!" त्यानंतरच नव्या कॅनचं बूच उघडायचं. माझी खिडकी अगदी समोर, त्यामुळे हे भांडण मला तोंडपाठ. काकू उगाच पिडतात बिचाऱ्यांना, असं मला वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप काय झाला, आणि गेल्याच.

होळीच्या सुमाराला एका रविवारी "बाई!" अशी हाक आली. धावत गेले. पोर्चभर मधासारखं कोरं तेल पसरलेलं. अख्खा कॅन वरून ओतला होता, आणि चेंबरचा नट काकांच्या शर्टाच्या खिशात. मला हसूच फुटणार होतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जिरलं.

"ती इचारायची तवाच मी लावायचो, बाई," काका पायरीवर बसत म्हणाले. "मला आपलं वाटायचं, माझ्याच ध्यानात असतंय."

मला रडू आवरेना. दोघांनी मिळून तेलावर भुसा टाकला, झाडून काढला.

"इकून टाकतो गाडी," ते म्हणाले. "आता आपल्याच्यानं न्हाई व्हायचं." आणि खरंच गिऱ्हाइकं येऊन गाडी बघून जायला लागली, पण सौदा काही जमला नाही.

गणपती झाल्यावरच्या रविवारी मी पोळ्या करत होते. खिडकीतून पाहते तर गाडीखालून दोन पाय! बाजूला नवा कॅन, बूच तसंच, त्यावर नरसाळं पालथं घातलेलं. म्हटलं, चला, काका पुन्हा लागले कामाला. चार पोळ्या झाल्या. सहा झाल्या. पाय काही हलेनात. मी लाटणं टाकून खिडकीला चिकटले. तेवढ्यात पायाचा अंगठा हलला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. घमेल्यातली धार तर केव्हाच थांबली होती. मग हा माणूस खाली करतोय तरी काय?

आणि एकदम माझ्या लक्षात आलं. काका वाट बघत होते.

मला धीर होईना. ते शब्द काकूंचे, मी कोण ते म्हणणार? तव्यावरची पोळी करपून धूर निघाला, पण मला गॅस बंद करायचंही सुचलं नाही. शेवटी गज धरून ओरडले, "काका, नट लावला का?"

पाय दचकले.

"तीस वर्षं वर्कशॉपात काढली, बाई! मला शिकवता व्हय?"

"लावला का नाही, तेवढं सांगा!"

पाना करकरायला लागला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ करकरला. मग घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "लावला."