निसटलेला गॅस

मेश्राम सर दगड चावायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातावर काळ्या शेलचा एक कपचा ठेवला आणि म्हणाले, "चाव." मी आधी धुऊन घेतला. कचकच लागली तर रेती, गुळगुळीत लागलं तर चिकणमाती, असं त्यांनी समजावलं. रायपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत महागडी यंत्रं होती, पण सरांचा पहिला भरवसा दाढांवर. त्यातली एक या नादात गेलीही होती.

शेल म्हणजे चिखलाचे थर दाबून झालेला दगड. त्यात जुन्या जीवांचे अवशेष अडकलेले असतात. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं ते शिजले की गॅस होतो. तो किती आहे, हे ठरवणं आमचं काम. काळाभोर दगड दिसला की नवखी मंडळी खूश व्हायची. सर म्हणायचे, "तवाबी काळाच असते. शिजलं का करपलं ते पाह्य."

निवृत्तीनंतर सर मुदतवाढीवर होते. काकूंना जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात, शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी सर एकटेच. सकाळी शिपायाच्याही आधी ते हजर असत.

त्या वर्षी एका नव्या क्षेत्रातून नमुने आले. गॅससाठी खोल खणलेल्या विहिरीतून दगड वर आला की लगेच हवाबंद डब्यात भरायचा, खालच्याइतक्याच गरम पाण्यात ठेवायचा आणि सुटणारा गॅस नळीत मोजायचा. हे कितीतरी दिवस चालतं. सर डब्याशेजारी स्टूल टाकून बसायचे. कोणी बोललं तर ओठांवर बोट ठेवायचे, जणू दगड बुजेल.

पण बुडबुडे लवकरच मंदावले. दगड करपलेला निघाला, म्हणजे जास्त उष्णतेनं त्यातला गॅस कधीच उडून गेलेला. आमचे संचालक अस्वस्थ झाले, कारण क्षेत्र सोडलं तर प्रकल्प बंद, आणि सरांची व माझी अशा दोन जागांपैकी एक जाणार. दगड वर आणताना वाटेत थोडा गॅस निसटतो. तो मोजता येत नाही, अंदाजानं धरतात. तो आकडा जरा मोठा धरा, असं संचालकांनी सुचवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेलाभर पाणी प्यायलं आणि म्हणाले, "साहेब, निसटलेल्याचा अंदाज करता येते. हौस नाही करता येत."

अहवाल जसाच्या तसा गेला. प्रकल्प बंद झाला. त्या दिवशी मी सरांशी बोलले नाही. घरात कमावती मी एकटी; जागा माझीच जाणार, हे मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर, त्यांचा खरेपणा मला त्या दिवशी परवडत नव्हता.

सोमवारी स्टूल रिकामं होतं. ऑफिसातले हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणाले, "दीदी, आपको नहीं पता? सर तो चले गए." अहवालावर सही करण्याआधीच सरांनी अर्ज दिला होता: मुदतवाढ नको, जागा या मुलीकडे ठेवा.

संध्याकाळी मी तात्यापाऱ्यात गेले. सर दारातच भेटले.

"काहून केलं असं, सर?"

"दोघांतल्या एकाले जायचंच होतं," ते म्हणाले. "तुले अजून लय दगड पाहाचे आहेत."

मी चपला काढून आत गेले. त्यांनी चहा टाकला. चहा जरा जास्तच गोड झाला होता. दोन कपांचा अंदाज राहिला नसावा. मग कपाकडे बघत त्यांनी विचारलं, "आज काय आलं?" जुन्या एका डब्याची नोंद अजून चालू होती. मी आकडा सांगितला. किती वाजता घेतला, तेही त्यांना हवं होतं. सकाळपासूनचं सगळं त्यांनी वदवून घेतलं, आणि ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"उद्या... तुले टाइम नसन तं राहू दे."

"हव, येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेले, तर ओसरीवर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक पुसलेली, आणि दुसरीवर बसून सर रस्त्याकडे बघत होते.