करवंटीवरचे डोळे

सुशीलला खोट्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. पेणमध्ये भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्याची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनीत माणसं तीन होती आणि पाटीवर शाखा पाच. त्यांतल्या चार लवकरच उघडणार होत्या, हे मात्र खरं होतं. म्हणजे सुशील तसं सांगत असे.

रोह्याजवळच्या वरसे गावाहून रोज एसटीने येणारी मनाली या कंपनीत आठ महिने तात्पुरती होती. गुणाजीशेठच्या गणपती कारखान्याचं काम पार पडलं की कायम, असं सुशीलने तिला तीनदा सांगितलं होतं. तिची आई त्या कायमच्या पत्रासाठी देव्हाऱ्यात जागा करून बसली होती.

काम साधं होतं. मूर्ती तयार झाली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मेसेज जायला हवा: 'आपली मूर्ती तयार आहे. पाट घेऊन या.' गिऱ्हाइकं चारशे बारा. तपासणीसाठी मनालीने एक डमी मेसेज-लाइन बनवली होती. कॉम्प्युटरला वाटे मेसेज गेला. प्रत्यक्षात तो मनालीच्या यादीत पडून राही आणि बाहेर कुणाच्या खिशात काही वाजत नसे.

जूनमधल्या एका सकाळी सुशीलच्या ते लक्षात आलं.

"म्हणजे मेसेज जातच नाय?"

"नाय सर. म्हणून तर डमी. खरी लाइन जोडायच्या आधी चुका इथंच कळतात."

"डमी परीक्षेला बसवतात, मनाली. गुणाजीशेठला काय सांगू? खोटे मेसेज खोट्या लोकांना खोटे पोचले?"

"व्हय सर. तेच सांगायचं."

"ऊठ. माझ्या कंपनीत सगळं ओरिजिनल हाय."

मग तो स्वतः खुर्चीत बसला. डमी काढली, खरी लाइन जोडली, आणि एका मूर्तीवर मारायची टिचकी 'सर्व'वर मारली. पडद्यावर चारशे बारा हिरव्या खुणा उमटल्या.

"बघ!" सुशील म्हणाला. "एक तरी लाल हाय काय?"

तासाभराने गुणाजीशेठचा फोन आला. शेठ ओरडत नव्हते, हे अधिक वाईट होतं. "सुशील, लोक पाट घेऊन आलेत. ये जरा."

कारखान्याच्या अंगणात साठेक माणसं आपापला पाट घेऊन उभी होती. आत मूर्ती पांढऱ्याफटक, रंग नाही, डोळे नाहीत. गागोद्याच्या गोदूबाईंनी पाट उराशी धरला होता. "शेठ, यंदा चतुर्थी जूनमधी आली काय? मी तोरण बांधून आलंय!" कोलाडच्या दाजींनी तर टेम्पो आणला होता. "भजनी मंडळ आत बसलंय," ते म्हणाले. "उतरवू, का बसूदे?"

"दोन मिनिटं!" सुशीलने लॅपटॉप उघडला. "मेसेज रद्द करतो."

"सर, आधी डमीवर..."

"डमीला वेळ हाय काय आता?"

त्याने सगळ्या मूर्तींसमोर 'रद्द' निवडलं. मेसेज रद्द होईल अशी त्याची कल्पना होती. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं. अंगणातले सगळे मोबाइल एकदम वाजले: 'आपली मूर्ती रद्द करण्यात आली आहे.'

दाजींनी तो मेसेज गोदूबाईंना वाचून दाखवला.

"आमच्या आजेसासऱ्यापासून बाप्पा येतो," गोदूबाई पाट उगारत पुढे आल्या, "आणि तू कोन रं रद्द करनारा?"

पहिल्या मेसेजला जे घरी बसून राहिले होते, तेही आता निघाले. दुपारपर्यंत रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि ओरिजिनल कंपनीचा मालक सहा फुटी मूर्तीमागे उकिडवा बसला.

मनालीने लॅपटॉप ओढून घेतला, डमी लावली, खुलासा लिहिला आणि तो यादीत पडल्यावर गोदूबाईंना वाचून दाखवला. "समजलं काय आजी?"

"पाट घेऊन येऊ नका, ते आधी लिव गो. बाकी कोन वाचतंय?"

मनालीने वाक्य वर घेतलं, पुन्हा डमीवर बघितलं आणि मगच खऱ्या लाइनवरून सोडलं. लोक पांगले. गोदूबाई पाट मात्र ठेवूनच गेल्या, आणलाच होता.

गुणाजीशेठने सुशीलला आणि मनालीला आतल्या खोलीत नेलं. भिंतीलगत करवंट्यांची रांग होती आणि प्रत्येक करवंटीवर दोन डोळे रेखलेले होते.

"नवा मानूस आला की वर्षभर यांच्यावर डोळे काढतो. हात बसला की मग बाप्पा. तू थेट बाप्पालाच हात घातलास."

"शेठ," सुशील म्हणाला, "मी या पोरीला आठ महिने तेच सांगतोय."

सगळ्या करवंट्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. गुणाजीशेठने मनालीकडे बघितलं. "काम चालू ठेवतो, पन ही पोरगी असेल तरच." "उद्याच हिला कायमचं पत्र देतो," सुशील लगेच म्हणाला. निघताना शेठ तिला हळूच म्हणाले, "कारखान्यातच येतेस काय? आजच कायम करतो."

"नाय शेठ. सर उद्या पत्र देतायत."

दुसऱ्या दिवशी सुशीलने खरंच लिफाफा दिला. कागदावर मनालीचं नाव होतं, 'कायम' हा शब्द होता, आणि मधोमध आडवा लाल शिक्का: 'नमुना'.

"सर, हे काय?"

"डमी!" सुशील प्रसन्न हसला. "तूच शिकवलंस. खरं पत्र सोडायच्या आधी वर्षभर तपासून बघू."

मनालीने पत्राची व्यवस्थित घडी केली. जिन्यात जाऊन गुणाजीशेठना फोन केला, फक्त 'व्हय' म्हणाली. मग परत येऊन कॉम्प्युटरवर एक मेसेज लिहिला, डमीवर एकदा नीट वाचला, खरी लाइन जोडली आणि पर्स उचलली.

ती जिना उतरत होती तेव्हा वर सुशीलचा मोबाइल वाजला.

'आपली मनाली रद्द करण्यात आली आहे. पाट घेऊन येऊ नका.'