ठमाबाईच्या मोरीमागची माती

२०२३ साली अधिक धरून दोन श्रावण आले. मटण-मासळीवाचून दोन महिने काढायचे, म्हणजे बेलवलीतल्या आगरी माणसांची परीक्षाच. अशा वेळी मटणाची जागा घेणारी एकच वस्तू, रानातली अळंबी. ती कुठल्या वारुळावर उगवते, हे अख्ख्या बदलापुरात फक्त ठमाबाईला ठाऊक होतं.

बेलवलीत भातखाचरं होती, दिवेलागणीला कोल्हे ओरडत, तेव्हा सासू मोतीबाईने तिला ती जागा दाखवली होती. बजावलं होतं, "सुनेशिवाय कोनाला सांगायची नाय." ठमाबाईने त्यात स्वतःची भर घातली होती : सुनेलाही नाही. सुनंदाला या घरात येऊन चोवीस वर्षं झाली होती, पण ठमाबाईच्या मते ती अजून नवीनच होती.

नातू कमलेश कॉलेजात जीवशास्त्र शिकत होता. एके दिवशी तो पडवीत म्हणाला, "आजी, तुझं सिक्रेट आता संपलं समज. अळंबीचा डीएनए मातीत राहतो. माती तपासायची, नकाशावर ठिपके मारायचे. लाल ठिपका म्हणजे अळंबी. फिनिश."

"मग मना कशाला सांगतंस?"

"तू भाजीची पाटी घेऊन उल्हासनगरपर्यंत फिरतेस ना? जाशील तिथली चिमूटभर माती आण."

त्याने तीस बाटल्या दिल्या, प्रत्येकीवर जागेचं नाव लिहिलेलं. आजी हरवू नये म्हणून पाटीत एक जुना मोबाईलही टाकला.

ठमाबाईने विचार केला, बाहेरची माती कुठल्या वारुळाशी सोयरीक सांगेल, काय भरवसा? त्यापेक्षा घरची माती गरीब. तिने मोरीमागे बसून तीसही बाटल्या भरल्या आणि आठ दिवस पाटीतून नुसत्या फिरवून आणल्या. रोज पहाटे निघताना वारूळ जागेवर आहे ना, एवढं तेवढं पाहून घेई. चाळीस वर्षं अळंबी त्याच मोरीत धुतली होती, देठं त्याच मातीत टाकली होती, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

निकाल आला तेव्हा नकाशाला जागोजागी गोवर उठला होता. उल्हासनगरचा कापडबाजार लाल, मोरिवलीतल्या कारखान्याचं फाटक लाल, बदलापूर गावातली व्यायामशाळा लाल, शेजारच्या जनूचं अंगणही लाल. कमलेशने नकाशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि छाती फुगवून झोपला.

सकाळी मोरिवलीच्या फाटकाशी बायका टोपल्या घेऊन हजर. वॉचमन म्हणाला, "माताजी, इधर केमिकल बनता है."

"बनू दे. आपन धुऊन घेऊ."

कापडबाजारात एका सिंधी शेठने दुकानाची लादी उचकटली. "साईं, नीचे तो सिर्फ पानी निकला," म्हणून तो गल्ल्यावर पाय वर घेऊन बसला. जनू तर तीस वर्षं ठमाबाईच्या पाळतीवर होता. त्याने अंगणात पहार घातली. तिसऱ्या घावाला संडासाची टाकी फुटली.

"ठमे," भिंतीपलीकडून तो ओरडला, "वास येतंय. जवलच हाय."

संध्याकाळी कमलेश पानावरून उठला. "सर म्हणतात, तीस ठिकाणी डीएनए आणि एकही अळंबी नाही, म्हणजे मी आकडे बनवले. उद्या बघायला येतायत. माझं वर्ष जाणार, आजी."

पोराचं ताट तसंच राहिलेलं ठमाबाईला बघवेना. तिने पदराशी चाळा करत सांगून टाकलं, "सगल्या बाटल्यांत आपल्या मोरीमागची माती हाय."

कमलेशचे डोळे चमकले. "म्हणजे अळंबी मोरीमागे आहे!"

ती नाही नाही म्हणेपर्यंत त्याने आणि भिंतीपलीकडून पहार घेऊन धावत आलेल्या जनूने मिळून मोरी पाडली. खाली एक चमचा आणि सुनंदाची हरवलेली जोडवी सापडली.

पुढे कमलेश पास झाला. प्रकल्पाचं नाव बदलून त्याने 'घरगुती सांडपाण्यातील अळंबीचे अंश' असं ठेवलं आणि सरांनी शाबासकी दिली. जनूने खड्ड्यात अळू लावला. तो पुरुषभर वाढला, पण फुकट दिला तरी आळीत कोणी घेईना. ठमाबाईला टाइल्सची मोरी मिळाली.

पुढच्या श्रावणात ती पहाटे वारुळाशी गेली, तर तिथे नुसती देठं. घरी आली तर चुलीवर अळंबीचं कालवण रटरटत होतं.

"कुठनं आनलीस?"

"त्या जुन्या मोबाईलमध्ये तुमची सगळी चाल उमटलीय, आई," सुनंदा रस्सा ढवळत म्हणाली. "आठ दिवस रोज पहाटे एकाच ठिकाणी. कमलेशने फक्त बाटल्यांच्या जागा बघितल्या."

"त्याला सांगितलंस?"

"नाय. त्याची बायको येईल तेव्हा बघू. तीपण चोवीस वर्षं नवीनच असेल."